इशाऱ्याची पत

विंडोजसाठी प्रोग्राम लिहून तो स्वतःच वितरित करणाऱ्या लहान सॉफ्टवेअर-निर्मात्यांना एक अनुभव सहसा चुकत नाही. नवी आवृत्ती प्रसिद्ध होते आणि थोड्याच वेळात एखादा वापरकर्ता कळवतो की, अँटीव्हायरसने प्रोग्राममध्ये ट्रोजन सापडल्याचे सांगून फाइल क्वारंटाइनमध्ये टाकली आहे. निर्मात्याला आपला सोर्स कोड ठाऊक असतो, त्यात आक्षेपार्ह काही नाही याची त्याला खात्री असते आणि बहुतेक वेळा ती खात्री रास्तही ठरते. मग तो ठरावीक उत्तर पाठवतो : हा फॉल्स पॉझिटिव्ह आहे, काळजी करू नका, आमचा फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवादयादीत घाला, किंवा इन्स्टॉलेशन होईपर्यंत अँटीव्हायरस बंद ठेवा. वापरकर्ता तसे करतो, प्रोग्राम चालू होतो आणि विषय तिथेच संपतो.

या लेखातली चिंता त्या उत्तराविषयी आहे. एकेका प्रसंगात ते वाजवी असते आणि प्रामाणिकपणे दिलेले असते. परंतु असंख्य निर्मात्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या अशा उत्तरांतून एक यंत्रणा घडत गेली आहे आणि तिचा परिणाम असा की, धोक्याचा इशारा खरा असतो तेव्हाही त्याला खोट्या इशाऱ्याचीच वागणूक मिळते. कोणा एकाच्या बेफिकिरीतून ही यंत्रणा उभी राहिलेली नाही. अँटीव्हायरस कंपनी, निर्माता आणि वापरकर्ता हे तिघेही आपापल्या जागी समंजसपणे वागत असताना ती उभी राहते, आणि म्हणूनच केवळ दोषारोप करून ती दुरुस्त होणारी नाही. तिचे भाग सुटे करून पाहावे लागतील.

आरंभीच एक गोष्ट मान्य करायला हवी : खोटे इशारे पूर्णपणे टाळता येणारे नाहीत. फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली कॉम्प्युटर व्हायरसवरील आपल्या शोधनिबंधात दाखवून दिले की, दिलेला कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही याचा प्रत्येक वेळी अचूक निवाडा करणारी कार्यपद्धती असूच शकत नाही. तर्कशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न अनिर्णेय आहे. अधिक वेगवान संगणकाने किंवा अधिक कुशल अभियंत्यांनी तो सुटणार नाही. त्यामुळे व्यवहारात प्रत्येक अँटीव्हायरस अंदाज बांधतो आणि त्या अंदाजासाठी संशयाचा एक उंबरठा ठरवतो. उंबरठा खाली आणला तर मालवेअर अधिक सापडते, पण निर्दोष प्रोग्रामही अधिक अडकतात. तो वर नेला तर उलट घडते.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची आहे. केवळ उदाहरणादाखल असे समजू की, एका कालावधीत १० लाख नव्या फाइली तपासल्या गेल्या, त्यांपैकी १००० घातक होत्या, अँटीव्हायरस घातक फाइलींपैकी ९९ टक्के पकडतो आणि निर्दोष फाइलींपैकी फक्त ०.१ टक्क्याला चुकून घातक ठरवतो. अशा वेळी खरे इशारे ९९० निघतील आणि खोटे ९९९. म्हणजे वरकरणी उत्कृष्ट वाटणाऱ्या साधनाचेही निम्म्याहून अधिक इशारे चुकीचे असतील, कारण शोधायची गोष्ट मुळात विरळ आहे. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालींच्या बाबतीत हाच मुद्दा मांडला होता : अशा प्रणालींची उपयुक्तता मुख्यतः खोट्या इशाऱ्यांच्या प्रमाणावर ठरते, आणि ते प्रमाण अतिशय खाली आणावे लागते. निर्मात्याच्या टेबलावर तर हे गणित आणखी एकांगी होते. त्याच्यापर्यंत पोहोचणारे इशारे त्याच्याच फाइलींबद्दलचे असतात, आणि त्याने आजवर एकही घातक फाइल तयार केलेली नसेल, तर त्याच्या अनुभवातले सर्वच्या सर्व इशारे खोटे असतात. ‘हा फॉल्स पॉझिटिव्हच असणार’ ही त्याची धारणा अनुभवातून काढलेला रीतसर निष्कर्ष आहे. धोका या निष्कर्षाच्या रीतसरपणातच आहे.

खोटे इशारे सर्वांच्या वाट्याला सारखे येतात, असे मात्र नाही. जुन्या पद्धतीत अँटीव्हायरस ज्ञात मालवेअरमधील बाइटांचा विशिष्ट क्रम, म्हणजे सिग्नेचर, शोधत असे. आज त्याच्या जोडीला ह्युरिस्टिक नियम, मशीन लर्निंगची प्रारूपे आणि फाइलीची पत मोजणाऱ्या क्लाउड सेवा काम करतात. या सर्व पद्धती साधर्म्यावर चालतात, आणि साधर्म्य कशाकशात आढळू शकते हे तपशिलात पाहण्यासारखे आहे.

पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर सुटा चालावा म्हणून अनेक जण पायइन्स्टॉलर हे साधन वापरतात. ते प्रोग्रामच्या पुढे बूटलोडर नावाचा एक छोटा, आधीच कंपाइल केलेला भाग जोडते. हा भाग जगभरच्या वापरकर्त्यांच्या फाइलींत जवळजवळ सारखाच असतो. मालवेअर लिहिणारेही हेच मोफत आणि सोयीचे साधन वापरतात. त्यामुळे मशीन लर्निंगच्या प्रारूपाला शिकवण्यासाठी जमवलेल्या घातक नमुन्यांत बूटलोडरचे बाइट वारंवार दिसतात, आणि प्रारूप घातकपणाबरोबर बूटलोडरही ओळखायला शिकते. त्यातच ‘एकच फाइल’ हा पर्याय निवडला असेल, तर प्रोग्राम सुरू होताना आपले भाग तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि तिथून चालवतो. घातक प्रोग्राम सोडणारे ड्रॉपरही नेमके हेच करतात. वर फाइल लहान करण्यासाठी यूपीएक्ससारखा पॅकर वापरला, तर आतला मजकूर दडपला जातो, फाइलीची एन्ट्रॉपी, म्हणजे बाइटांची अनियमितता, वाढते आणि संशयाला आणखी एक कारण मिळते. गो भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत तर, नुकताच कंपाइल केलेला प्रोग्राम अँटीव्हायरसला संसर्गित का वाटतो, या प्रश्नालाच स्वतंत्र जागा द्यावी लागली आहे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या काही इशाऱ्यांत धोक्याच्या नावाअखेर ‘एमएल’ ही अक्षरे दिसतात. हा निवाडा मशीन लर्निंगच्या प्रारूपाने दिला आहे, एवढेच ती सांगतात. प्रारूपाला नेमके काय खटकले हे निर्मात्याला त्यातून कळत नाही.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण टायपिंगचे आहे. इंग्रजी कीबोर्डवर ध्वन्यनुसारी पद्धतीने टाइप करून कोणत्याही खिडकीत देवनागरी अक्षरे उमटवणारा प्रोग्राम लिहायचा झाला, तर त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विंडोजमध्ये कीबोर्ड-हुक बसवणे. मग प्रत्येक कळीचा दाब आधी या प्रोग्रामकडे येतो, तो मूळ अक्षर अडवतो आणि त्याजागी देवनागरी अक्षर पुढे पाठवतो. पासवर्ड चोरणाऱ्या कीलॉगरची सुरुवातही अशीच असते : सर्व खिडक्यांतला प्रत्येक कळीचा दाब ऐकणे. दोघांतला फरक ऐकलेल्याचे पुढे काय होते यात आहे, आणि टायपिंगचा प्रोग्राम नवी आवृत्ती तपासण्यासाठी अधूनमधून इंटरनेटशी बोलत असेल, तर बाहेरून पाहणाऱ्याला तो फरकही पुसट दिसतो. मजकूर-निविष्टीसाठी विंडोजने टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क हा रीतसर मार्ग दिला आहे, पण तो अधिक कष्टाचा आहे. म्हणजे निर्दोष हेतू आणि संशयास्पद रचना एकाच प्रोग्राममध्ये सुखाने नांदू शकतात, आणि अँटीव्हायरसला दिसते ती फक्त रचना.

फाइलीची पत मोजण्याची पद्धत लहान निर्मात्याच्या विरोधात आणखी एका कारणाने जाते. फाइल किती संगणकांवर दिसली, किती दिवस वापरात आहे, तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे, यांवर तिची पत ठरते. मोठ्या कंपनीची नवी आवृत्ती थोड्या तासांत लाखो संगणकांवर पोहोचते आणि तिची पत आपोआप तयार होते. शे-दोनशे लोकांसाठी लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती मात्र नवा हॅश (फाइलीच्या बाइटांवरून काढलेला तिचा ओळखक्रमांक) घेऊन, म्हणजे अनोळखी म्हणून जन्मते, आणि ओळख होण्यापूर्वीच पुढची आवृत्ती येते. कमी वापर हेच इथे संशयाचे कारण ठरते. एखाद्या तालुक्यातल्या पतसंस्थांसाठीचा हिशेबाचा प्रोग्राम किंवा कमी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा शब्दशोधक कितीही काटेकोरपणे लिहिला, तरी या निकषावर तो मागेच राहणार. डिजिटल सहीने यात काही मदत होते. पण प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडतात, जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम असल्याने खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढले आहेत, आणि इतके करूनही सही फक्त फाइल कोणाकडून आली हे सांगते, फाइल निर्दोष आहे हे सांगत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटच्या घटकांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या.

इथवरचा दोष एकेका अँटीव्हायरसचा झाला. त्यांच्यातील परस्परसंबंधाने तो वाढतो. व्हायरसटोटल या सेवेवर फाइल चढवली की सुमारे सत्तर इंजिनांचे अभिप्राय एकत्र दिसतात, आणि पाहणारा ते मतमोजणीसारखे वाचतो. ही मते स्वतंत्र नाहीत. काही उत्पादने दुसऱ्या कंपनीचे इंजिन परवान्याने वापरतात. काही कंपन्या इतरांचे निवाडे पाहून आपले ठरवतात. कॅस्परस्कीने २०१० मध्ये याची चाचणीच घेतली होती. वीस निरुपद्रवी फाइली तयार करून त्यांपैकी दहा फाइली आपल्या इंजिनाला मुद्दाम घातक ठरवायला लावल्या आणि सगळ्या व्हायरसटोटलवर चढवल्या. दहा दिवसांत त्या दहा निरुपद्रवी फाइलींना इतर चौदा कंपन्यांपर्यंतची इंजिने घातक म्हणू लागली होती. म्हणून ‘बारा इंजिनांनी पकडले’ याचा अर्थ बारा परीक्षकांनी तपासले असा होत नाही. तो एका चुकीचा बारापट पडसादही असू शकतो. त्याचप्रमाणे ‘एकाही इंजिनाने पकडले नाही’ म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हे पुढे दिसेल.

चूक दुरुस्त होण्याचा वेग ती चूक कोणाला भोवते यावर अवलंबून असतो. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अद्ययावतीकरणाने विंडोज एक्सपीच्या सरल चिनी आवृत्तीतील दोन सिस्टिम-फाइली घातक ठरवल्या आणि चीनमधील संगणक सुरू होईनासे झाले. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या व्याख्या-फाइलने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधील एसव्हीसीहोस्ट या अत्यावश्यक फाइलीलाच व्हायरस मानले. रुग्णालये, विद्यापीठे आणि कार्यालये यांतील संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले. सप्टेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गुगल क्रोम हा ब्राउझर पासवर्डचोर ठरवला. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसच्या अँटीव्हायरसने स्वतःचाच अद्ययावत करणारा घटक पकडला. या चुका मोठ्या होत्या, जगाला दिसल्या, आणि कंपन्यांनी सुधारित व्याख्या तातडीने पाठवल्या. लहान निर्मात्याची तक्रार एका वेब-फॉर्ममधून जाते, तिला कधी दोन दिवसांत तर कधी दोन आठवड्यांत उत्तर येते, आणि पुष्कळदा दुरुस्ती त्या एका हॅशपुरतीच असते. पुढची आवृत्ती पुन्हा अडकते. इस्राएली निर्माते नीर सोफर यांनी निरसॉफ्टच्या छोट्या साधनांच्या बाबतीत हे गाऱ्हाणे २००९ मध्येच जाहीरपणे मांडले होते.

याचे कारण प्रोत्साहनांच्या रचनेत आहे. मालवेअर निसटले तर अँटीव्हायरस कंपनीचे नाव खराब होते, ग्राहक जातो; अल्पपरिचित प्रोग्राम चुकून अडला तर तिचे जवळजवळ काहीच बिघडत नाही. एव्ही-कंपॅरेटिव्हजसारख्या चाचणी-संस्था खोट्या इशाऱ्यांची मोजणी करतात हे खरे आणि स्तुत्यही. परंतु चुकीचे गांभीर्य पाहताना प्रोग्राम किती प्रचलित आहे याची त्या नोंद घेतात, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. मात्र अल्पप्रचलित प्रोग्रामच्या निर्मात्यासाठी त्याचा अर्थ असा की, त्याच्यावर झालेला अन्याय तराजूत जवळजवळ शून्य भरतो. अमेरिकेत न्यायालयांनीही अँटीव्हायरस कंपन्यांना दीर्घकाळ भक्कम संरक्षण दिले. झँगो विरुद्ध कॅस्परस्की या २००९ च्या निकालात नवव्या सर्किटच्या न्यायालयाने कंपनीला दायित्वातून सूट दिली. एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स या खटल्यात त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये स्पर्धकाला रोखण्याच्या हेतूपुरती त्या सुटीला मर्यादा घातली आणि २०२३ मध्ये ‘घातक’, ‘धोका’ ही लेबले वस्तुस्थितीविषयक विधाने ठरू शकतात असे म्हटले. तथापि असा खटला चालवण्याइतके बळ असलेला निर्माता लहान नसतो. निर्णय एक जण घेतो आणि त्याची किंमत दुसरा मोजतो, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत उंबरठा सहसा निर्णय घेणाऱ्याच्या सोयीने ठरतो.

मग निर्माता काय करतो? तो आपल्या हातातले उपाय करतो : माहितीपत्रकात फोल्डर वगळण्याची सूचना छापतो, मदत-केंद्रातल्या कर्मचाऱ्याला तयार उत्तर देऊन ठेवतो. ही केवळ लहानांची सवय नाही. सोलरविंड्स या कंपनीच्या ओरायन या नेटवर्क-व्यवस्थापन प्रणालीसाठीच्या साहाय्य-पृष्ठावर, प्रणाली सुरळीत चालावी म्हणून तिचे फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळण्याचा सल्ला होता. डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले की, हल्लेखोरांनी ओरायनच्या बिल्ड-प्रक्रियेत शिरून तिच्या अधिकृत, सही केलेल्या अद्ययावतीकरणातच छुपे दार बसवले होते. ते मालवेअर त्या काळात अँटीव्हायरसना ओळखू येतच नव्हते, तेव्हा वगळण्याच्या सल्ल्यामुळे हल्ला यशस्वी झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण यातला रचनेचा दोष स्पष्ट आहे : फोल्डर वगळला की आजची निर्दोष फाइल वगळली जाते, आणि उद्या त्याच जागी येणारी कोणतीही फाइलसुद्धा.

‘माझा कोड स्वच्छ आहे’ या खात्रीतही एक फट आहे. ऑगस्ट २००९ मध्ये इंड्यूक नावाचा व्हायरस उघडकीस आला. तो डेल्फी या विकसन-प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या शोधून त्यांच्या एका मूलभूत लायब्ररीत स्वतःला घालत असे. त्यानंतर त्या संगणकावर कंपाइल झालेला प्रत्येक प्रोग्राम संसर्ग घेऊनच बाहेर पडे. निर्माता आपला सोर्स कोड कितीही वेळा वाचो, त्याला काही सापडणार नव्हते, कारण दोष कोडमध्ये नव्हताच; तो कंपायलरच्या बाजूला होता. अशा निर्मात्याने ‘इशारा खोटा आहे’ असे शपथेवर सांगितले असते आणि ते संपूर्ण प्रामाणिकही ठरले असते. निर्मात्याला आपला सोर्स कोड ठाऊक असतो. वापरकर्त्याकडे जाते ती बायनरी. या दोहोंमध्ये कंपायलर, लायब्ररी, बिल्ड-सर्व्हर आणि इन्स्टॉलर असतात, आणि त्यांपैकी बहुतेक त्याने लिहिलेले नसतात.

आता या सर्व धाग्यांची गाठ जिथे बसली, ते प्रकरण जवळून पाहू. थ्रीसीएक्स ही इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा देणाऱ्या प्रणालीची कंपनी आहे. आपल्याकडे सहा लाख ग्राहक-संस्था असल्याचे ती सांगत असे. २२ मार्च २०२३ पासून काही ग्राहकांनी कळवले की, तिच्या डेस्कटॉप ॲपच्या नव्या आवृत्तीवर सेंटिनलवन या सुरक्षा-उत्पादनाचा इशारा येतो आहे. इन्स्टॉलर कंपनीच्या अधिकृत मार्गाने आलेला होता, त्यावर वैध सही होती. कंपनीचे प्रमुख निक गालिया यांनी नंतर सांगितले त्यानुसार, असे इशारे नेहमीचे असल्याने तो फारसा गंभीरपणे घेतला गेला नाही. फाइल व्हायरसटोटलवर तपासली, तिथे एकाही इंजिनाने ती पकडली नाही, आणि विषय तिथेच थांबला. ग्राहकांपैकी कित्येकांनी फाइल क्वारंटाइनमधून परत आणली, ॲप अपवादयादीत घातले.

२९ मार्च रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने या ॲपमधून घातक हालचाली होत असल्याचे जाहीर केले. ॲपबरोबर येणाऱ्या, ध्वनी-चित्र हाताळणाऱ्या एका लायब्ररीत फेरफार झाला होता. ती लायब्ररी ग्राफिक्ससंबंधीच्या दुसऱ्या एका फाइलीच्या शेवटी लपवलेला कूटबद्ध कोड उलगडून मेमरीत चालवत असे. त्या दुसऱ्या फाइलीवर मायक्रोसॉफ्टची सही होती आणि शेवटी मजकूर जोडूनही ती वैधच दिसत होती, कारण २०१३ पासून ज्ञात असलेल्या एका त्रुटीवरचा उपाय विंडोजमध्ये ऐच्छिक ठेवलेला होता. पुढचा टप्पा निदान आठवडाभर शांत राहून मगच बाहेर संपर्क साधत असे. सेंटिनलवनने पकडले होते ते मेमरीतले वर्तन. व्हायरसटोटलवर तपासली गेली ती पडून असलेली फाइल. दोन्ही तपासण्या आपापल्या जागी बरोबर होत्या, पण दुसरीचा निष्कर्ष पहिलीला खोडण्यासाठी वापरला गेला, आणि ती त्या कामाची नव्हतीच. पुढे मँडियंट या सुरक्षा-कंपनीच्या तपासात निष्पन्न झाले की, कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने २०२२ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकावर बसवलेल्या वायदे-व्यवहारांच्या एका सॉफ्टवेअरच्या संसर्गित इन्स्टॉलरमधून हल्लेखोर आत शिरले, आणि तिथून विंडोज व मॅक अशा दोन्ही बिल्ड-यंत्रणांपर्यंत पोहोचले. या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडण्यात आला. सॉफ्टवेअर-पुरवठा साखळीतील एका हल्ल्यातून दुसरा हल्ला घडल्याचे आपण प्रथमच पाहत आहोत, असे मँडियंटने नमूद केले.

इशारा वेळेवर आला होता, योग्य होता, आणि तो योग्य व्यक्तींपर्यंत पोहोचलाही होता. तरी आठवडा गेला, कारण त्याआधीच्या शेकडो खोट्या इशाऱ्यांनी या एकाची पत संपवून टाकली होती. भारतात या आठवड्याला कायदेशीर बाजूही आहे. सीईआरटी-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर-घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. इशाऱ्याला घाईने ‘खोटा’ म्हणण्याचा परिणाम असा की, ते घड्याळ सुरूच झालेले नाही असे संस्था समजून चालते. प्रत्यक्षात ते चालू झालेले असू शकते.

यापुढची दिशा चिंताजनक वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रोग्राम लिहिणे सोपे होत चालल्याने, मोजक्या लोकांसाठीचे आणि अल्पायुषी प्रोग्राम वाढतील. म्हणजे पत नसलेल्या निर्दोष फाइली वाढतील, आणि त्याच साधनांनी मालवेअरचेही नवनवे अवतार निघतील. अशा परिस्थितीत दोन परिणाम संभवतात. एक तर इशारे इतके होतील की, वापरकर्ता ते वाचणेच सोडून देईल. नाहीतर प्लॅटफॉर्मच्या मालक कंपन्या अनोळखी प्रोग्रामला दारातच अडवतील. याची सुरुवात झालेलीच आहे : विंडोज ११ मधील स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल, तर सही नसलेला अनोळखी प्रोग्राम अडतो आणि त्या एका प्रोग्रामपुरता अपवाद करण्याची सोय वापरकर्त्याला दिलेली नाही, आणि मॅकवर ॲपलची नोटरायझेशनची, म्हणजे प्रोग्राम आधी ॲपलकडून तपासून घेण्याची, अट आहे. सुरक्षेच्या दृष्टीने याला आधार आहे. पण पहिल्या परिणामात इशारा निरर्थक होतो आणि दुसऱ्यात कोणी काय चालवावे याचा निर्णय दोन-तीन कंपन्यांकडे जातो; लहान निर्माता दोन्हीकडे हरतो.

अँटीव्हायरस कंपन्यांकडून अपेक्षा माफक आहेत. निवाड्यामागे बाइटांचे साधर्म्य, वर्तन की पत यांपैकी कोणते कारण आहे, एवढे तरी सांगावे. तक्रारीला उत्तर देण्याची मुदत जाहीर करावी. दुरुस्ती एका हॅशपुरती न ठेवता पडताळलेल्या निर्मात्याच्या सहीपर्यंत न्यावी, आणि ती सही चोरीस गेल्यास मागे घेण्याची व्यवस्था ठेवावी. पुण्यात क्विक हीलसारखी अँटीव्हायरस कंपनी गेली तीस वर्षे काम करते आहे आणि त्याच शहरात लहान सॉफ्टवेअर-निर्मातेही मोठ्या संख्येने आहेत. प्रसिद्धीपूर्व तपासणीची एखादी स्थानिक व्यवस्था उभारण्यासाठी याहून अनुकूल जागा शोधावी लागणार नाही.

निर्मात्याच्या हातात मात्र याहून अधिक आहे, आणि ते आजच आहे. पॅकर टाळावा, ‘एकच फाइल’ या पर्यायाऐवजी साधा फोल्डर आणि सर्वपरिचित इन्स्टॉलर वापरावा, आवृत्तीची माहिती पूर्ण भरावी, परवडत असेल तर इन्स्टॉलरबरोबर आतल्या प्रत्येक फाइलीवर सही करावी, प्रसिद्धीपूर्वीच फाइल प्रमुख कंपन्यांकडे तपासणीस पाठवावी. हे सर्व संशय कमी करण्यासाठी. इशारा आल्यावर करायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. त्याच सोर्स कोडवरून दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर पुन्हा बिल्ड करून दोन्ही बायनरींची तुलना करावी. ही तुलना शक्य व्हावी म्हणून, एकाच कोडमधून बाइटागणिक सारखीच फाइल निघेल अशी बिल्ड-प्रक्रिया आधीपासून बसवावी. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीचा हॅश मूळ स्रोताशी ताडून पाहावा. इशारा वर्तनाविषयी असेल, तर पडून असलेल्या फाइलीची तपासणी पुरेशी मानू नये. आणि वापरकर्त्याला अँटीव्हायरस बंद करायला किंवा फोल्डर वगळायला कधीही सांगू नये. अपवाद करणे अटळच असेल, तर तो एका आवृत्तीच्या हॅशपुरता असावा, आणि काय तपासले, कसे तपासले, हे त्यासोबत लिहून कळवावे.

याला वेळ लागतो, आणि दहापैकी नऊ वेळा, कदाचित शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा, तपासणीतून काहीच निघणार नाही. तरीही ‘हा फॉल्स पॉझिटिव्ह आहे’ हे एक विधान आहे. ते करणाऱ्यावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी येते, आणि पूर्वानुभव हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. ज्यांचे प्रोग्राम दुसऱ्यांच्या संगणकांवर चालतात, त्या प्रत्येकाला विनंती आहे : पुढचा इशारा येईल तेव्हा आधी बायनरी तपासा, उत्तर नंतर लिहा.